बुडबुडा हॉलमध्ये आला की सरकायचा

ग्रुपवर कुणी भुताखेताचं, चकव्याचं लिहिलं की खाली पहिली खवचट कमेंट माझी असते, हे जुन्या मेंबरांना माहीत आहे. आमच्या घरात त्रिसरण-पंचशील होतं, अंगारे-धुपारे होत नाहीत. त्यात माझी अख्खी नोकरी वाळूजच्या एका कंपनीत क्वालिटीला गेली. पार्ट गेजमध्ये बसला तर पास, नाही बसला तर रिजेक्ट — मधलं काही नाही. असल्या माणसानं आज ही पोस्ट टाकायची म्हणजे हसायचा हक्क तुमचा आहे. हसून घ्या. पण शेवटपर्यंत वाचा, कारण मला खरंच उत्तर पाहिजे... कितीतरी दिवस झाले, अजून कुणाला सांगायला बसलो की चहा गार होतो आणि माझं संपत नाही.

आधी जागा नीट सांगतो. संभाजीनगरला देवळाईच्या बाजूला गुंठेवारीतला प्लॉट, त्यावर आमचं घर. पुढं छोटं अंगण, मग हॉल, डाव्या हाताला बेडरूम, मागं किचन, वर मोकळी गच्ची. हॉलची फरशी माझा मेव्हणा राजू यानं स्वतःच्या हातानं बसवली, त्याचं कामच ते. आणि हॉलच्या मधोमध, स्लॅब टाकतानाच, पाळण्याचा हूक घालून घेतलेला. हा हट्ट माझ्या बायकोचा, मंगलचा. "पूनमचं पहिलं बाळंतपण आपल्याकडंच होणार," ती म्हणायची. पूनमचं तेव्हा लग्नसुद्धा ठरलेलं नव्हतं.

पुढं पूनमला लासूर स्टेशनला दिली. मागच्या वर्षी ती आठव्या महिन्यात माहेरी आली आणि इकडं माझा उजवा डोळा बिघडला. सुरुवातीला नुसती चमक — कोपऱ्यात वीज चमकून गेल्यासारखी. मग काळे ठिपके. मला वाटलं मच्छर आहेत, मी बसल्या बसल्या टाळ्या वाजवून मारायला लागलो. मंगल म्हणली, "कशाला टाळ्या वाजवताय, नातवंडाला अजून वेळ आहे." दोन दिवसांत नाकाच्या बाजूनं काळा पडदा चढत आला. डॉक्टरांनी बाहुली मोठी करायचे थेंब टाकून बघितलं आणि सांगितलं, डोळ्यातला पडदा सुटलाय, लगेच ऑपरेशन करायचं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी — या ऑपरेशनमध्ये डोळ्यात गॅस भरतात. गॅस वर चढतो आणि सुटलेला पडदा आतून दाबून धरतो. आता पडदा डोळ्याच्या मागच्या भिंतीला. म्हणजे गॅस तिथं पोचायचा तर माणसानं पालथं राहायचं. झोपायचं पालथं, बसायचं मान खाली घालून, जेवायचं खाली बघत. मी स्टुलावर गोल उशी ठेवून त्यावर कपाळ टेकवून बसायचो. भेटायला येणाऱ्यांचे मला फक्त पाय दिसायचे. कोण आलंय हे मी पायावरनं ओळखायला लागलो. एका काकांना तर तोंडावर सांगितलं, नखं कापा. घरात एकीकडं दिवस भरत आलेली लेक, दुसरीकडं पालथा मी, आणि मंगल मधे — दूध-खारीक तिकडं, डोळ्याचे ड्रॉप इकडं. ती एकदाच बोलली, "देवळाईत एवढी घरं, पण असली दोन गिऱ्हाईकं फक्त माझ्याच पदरात."

पूनम व्यवस्थित बाळंत झाली, मुलगी झाली. मी नातीला पहिल्यांदा बघितली ती पण खाली बघूनच, मंगलनं माझ्या तोंडाखाली आणून धरली म्हणून.

तोपर्यंत गॅस थोडा कमी झाला होता आणि डोळ्यात मजा दिसायला लागली. उभा राहिलो की खालच्या बाजूला एक आडवी रेघ, ग्लासातल्या पाण्यासारखी डुचमळणारी. चाललो की हलायची, थांबलो की आडवी व्हायची. आणि मान खाली घातली की त्या रेघेचा गोल व्हायचा — काळ्या काठाचा, बांगडीएवढा, बरोबर नजरेच्या मधोमध. डोकं जरा तिरकं झालं की सरकायचा, सरळ केलं की परत मधे. मी तर जाम खूश. आयुष्यभर स्पिरिट लेव्हल हातात धरली, आता डोळ्यातच बसवून मिळाली. येईल-जाईल त्याला सांगायचो, मंगलला लाज यायची.

इथून पुढं नीट वाचा.

बाळ घरी आल्यावर बेडरूम पूनमला दिली आणि माझा मुक्काम हॉलमध्ये हलवला. पहिल्याच दिवशी दुपारी स्टुलावर कपाळ टेकवलं... आणि गोल सरकला. उजवीकडं, हळूच. मी डोकं सरळ केलं, तरी तिकडंच. उशी नीट केली, स्टूल हलतंय का बघितलं, तरी तिकडंच. मनात म्हणलं, मानच वाकडी झाली असेल इतके दिवस पालथं बसून. उठून किचनमध्ये गेलो, तेच स्टूल, तीच उशी — गोल मधोमध. बेडरूमच्या दारात बसलो — मधोमध. अंगणात बसलो, समोरच्या घरातली बाई खिडकीतून बघत राहिली — मधोमध. परत हॉलमध्ये आलो, सरकला.

आता क्वालिटीवाल्या माणसाला असं काही सापडलं की त्याची झोप जाते. मला वाटलं फरशीला उतार असणार. उतार असला तर सगळीकडं एकाच बाजूचा असेल, बरोबर ना? म्हणून मी स्टूल घेऊन हॉलभर फिरलो. पुढच्या दाराशी बसलो — गोल किचनकडं सरकला. किचनच्या दाराशी बसलो — गोल पुढच्या दाराकडं सरकला. टीव्हीच्या भिंतीला बसलो — समोर गेला. समोर जाऊन बसलो — टीव्हीकडं आला. चारी बाजूंनी तो एकाच जागेकडं ओढ घेत होता. मी सरकत सरकत त्या जागेवर गेलो तर गोल बरोबर मधे येऊन थांबला, पण स्थिर नाही. भाताच्या पातेल्यावरचं झाकण थरथरतं ना, तसा काठ थरथरत होता.

मंगलच्या टिकलीच्या पाकिटातली एक टिकली काढून मी त्या फरशीला चिकटवली. मग मान वर केली — वर बघायला मनाई होती, तरी केली. डोक्यावर पाळण्याचा हूक होता.

खरं सांगतो, त्या क्षणी मला भीती नाही वाटली. मला आनंद झाला. इतके दिवस खाली मान घालून बसलेल्या माणसाला एवढं मोठं काहीतरी हाती लागलं होतं. मी ओरडून मंगलला बोलावलं, पूनमला बोलावलं, दोघींना सगळं दाखवलं — म्हणजे दाखवणार काय, बुडबुडा माझ्या डोळ्यात. दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. मग पूनम लहान मुलाशी बोलावं तसं म्हणली, "पप्पा, गोळी घेतली ना सकाळची?"

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "काका, बुडबुडा आहे तो, हलणारच. डोकं सरळ ठेवा आणि हॉलमध्ये फिरू नका फार." राजूला बोलावलं. तो लेव्हलची नळी घेऊन आला, ती पाणी भरलेली पारदर्शक पाईप असते ना, ती. एक टोक त्यानं धरलं, एक मंगलला दिलं, आडवं-उभं सगळं मोजलं. मग टिकलीवाली फरशी आणि तिच्या आजूबाजूच्या फरश्या ठोकून बघितल्या. आवाज सगळीकडं भरीव.

"दाजी, दोन्ही टोकाला पाणी सेम हाय," राजू म्हणला. "लेव्हल एकदम टकाटक. माझ्या फरशीला बोल लावू नका. डोळ्याचं डोळ्यापाशी ठेवा."

मोजमापात बसलं म्हणजे पास. तोंडानं मी पण हो म्हणलो. पण दर दुपारी तिथं बसून बघायचो, आणि दर दुपारी गोल तिकडंच जायचा. आणि दिवसेंदिवस — हे मी शपथेवर सांगतो — थरथर वाढत होती. गॅस कमी होत होता, गोल लहान होत होता, आणि काठ जास्त जोरात थरथरत होता. तेव्हा मात्र आनंद कमी झाला. कारण बारसं जवळ आलं होतं. पाळणा त्या हुकाला टांगणार, खाली सतरंजी पडणार, आणि त्या सतरंजीवर, पाळण्याला लागून, मानानं बसणार कोण? विहीणबाई आणि त्यांच्या लासूरच्या बायका. आमच्याकडं पद्धतच आहे, विहिणीला पाळण्याजवळची जागा. आणि पाळण्यात माझी नात.

मी मंगलला म्हणलो, बारसं गच्चीवर करू. ती म्हणली, "उन्हात? विहीणबाईंना उन्हात बसवायचं? आणि कारण काय सांगू, आमच्या ह्यांच्या डोळ्यातला बुडबुडा नको म्हणतोय?" दोन दिवस मी मागं लागलो. दोन दिवस तिनं मला तेच ऐकवलं. शेवटी म्हणली, "माझ्या लेकीला त्या घरात नांदायचंय. तिथं तिला टोमणे खायला लागले ना, तर मी तुम्हाला माफ करणार नाही." आणि ती खरं बोलत होती, हे मला कळत होतं.

बारशाच्या दिवशी दुपारी जीप अंगणात येऊन थांबली. मंगलनं दारात विहीणबाईंच्या पायावर पाणी घातलं. हॉलमध्ये सतरंजी, पाळण्याला झेंडूची माळ, तथागतांच्या मूर्तीपुढं मेणबत्त्या. आणि मी, नवा सदरा घालून, सतरंजीच्या बरोबर मधोमध, स्टुलावर कपाळ टेकवून बसलेला.

हळूहळू माझ्याभोवती पाय जमले. विहीणबाईंचे पाय मी लगेच ओळखले, रुंद, शेतात चाललेले, जोडवी घट्ट बसलेली. त्या थांबल्या.

"इवाई, जरा सरका. बाया बसू द्या." आमच्याकडं व्याह्याला इवाई म्हणतात.

मी म्हणलं, "ताई, इथं नका बसू. गच्चीवर चला. मी हात जोडतो."

"का बरं?"

काय सांगणार? मी सगळं सांगितलं. बुडबुडा, चार बाजू, टिकली, थरथर, सगळं. खाली मान घालून, लोकांच्या पायांना सांगितलं. मागं कुणीतरी हसलं. जावईबापूंचे पाय दोन पावलं मागं गेले. मंगल माझ्या कानाशी येऊन दात-ओठ खात म्हणली, "उठा. आत्ताच्या आत्ता उठा." मी उठलो नाही.

विहीणबाई म्हणाल्या, "आम्ही लेकराचं नाव ठेवायला आलो का तुमचं नाटक बघायला?" आवाज चढलेला नव्हता, त्यामुळं जास्त लागलं.

मग पूनम समोर येऊन खाली बसली. बाळंतिणीनं असं उकिडवं बसू नये, तरी बसली. तिचं तोंड मला दिसलं, रडत होती. "पप्पा, माझ्यासाठी उठा ना," ती म्हणली. "आणि तिथं एवढा धोका आहे म्हणताय, तर तुम्ही कशाला बसलात तिथं?"

"मी बसलोय तोपर्यंत तुम्ही कुणी बसणार नाही म्हणून," मी म्हणलं.

मग विहीणबाई वळल्या. "चला गं वर," त्या म्हणाल्या. "माणूस दुखण्यातनं उठलाय. डोळा गेला-आला म्हणलं की मन बी हलतं. आजाऱ्याशी काय वाद घालायचा." राजूनं तोंड वाकडं करून पाळणा उतरवला, गच्चीवर मांडवाच्या पाईपाला बांधला. सगळे पाय जिन्यानं वर गेले. शेवटी मंगल आली. "झालं समाधान? आता या वर. आजोबा लागतो म्हणतायत." तिनं माझा दंड धरून मला उठवलं. स्टूल तिथंच राहिलं.

वर ऊन होतंच. मांडवाच्या कापडाखाली बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. पंचशील झालं. पाळणा म्हणून झाला. आत्यानं वाकून बाळाच्या कानात नाव सांगितलं — मैत्री — आणि बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायला सुरुवात केली, तेवढ्यात खालून आवाज आला. फार मोठा नाही. ट्रकमधनं कांद्याचं पोतं टाकल्यासारखा, धप्प. आणि मागून बारीक खडखड, बराच वेळ, खाली खाली जाणारी.

राजू पहिला जिना उतरला. मी त्याच्या मागं. दारातच त्यानं हात आडवा धरून मला अडवलं.

हॉलच्या मधोमध फरशी नव्हती. बैलगाडी मावेल एवढं भगदाड. सतरंजीचं एक टोक सोफ्याच्या पायात अडकून राहिलं होतं आणि बाकीची सतरंजी आत लोंबत होती. स्टूल दिसत नव्हतं, उशी दिसत नव्हती. खालून ओल्या मातीचा वास आणि गार हवा येत होती. आणि वर, बरोबर मध्यावर, पाळण्याचा हूक, त्याला झेंडूची एक पाकळी चिकटलेली. मी दारातच खाली बसलो.

एक एक करत सगळे आले आणि दारातून बघून मागं सरले. विहीणबाईंनी बघितलं, मग वळून पूनमच्या हातातनं बाळ घेतलं आणि छातीशी धरलं. मग मंगलला म्हणाल्या, "अंगणात चूल मांडा विहीणबाई, चहा टाका सगळ्यांना." आणि जाता जाता माझ्या डोक्यावर हात ठेवला, मी त्यांच्याहून वयानं मोठा असून.

पुढचं सगळं सरळ आहे. गल्लीतल्या एका म्हाताऱ्यानं सांगितलं, इथं पूर्वी शेत होतं आणि शेतात विहीर होती. प्लॉट पाडताना मुरूम आणि पडक्या बांधकामाचा मलबा टाकून बुजवली. गुंठेवारीत हे चालतंच, विहीर बुजवायची, वर चुन्याच्या रेघा मारायच्या, प्लॉट विकायचा. घेणाऱ्याला सपाट जमीन दिसते. आमचे कॉलम सुदैवानं विहिरीच्या बाहेर उतरलेले, म्हणून घर उभं राहिलं. आतला भराव खालून खालून खचत गेला आणि वरचा थर तेवढा तग धरून होता. पुढं आम्ही ते सगळं नीट भरून, काँक्रीट करून घेतलं. ते झालं.

पण माझा प्रश्न तिथंच आहे. फरशी लेव्हलमध्ये होती, राजूनं नळी लावून मोजली. ठोकल्यावर आवाज भरीव होता. मला विहिरीचं माहीत नव्हतं, घरात कुणालाच नव्हतं. माझं डोकं वाकडं होतं म्हणाल, तर चारी बाजूंनी चार दिशांना वाकडं कसं? मनाचे खेळ म्हणाल, तर मनाला तीच फरशी कशी सापडली? काँक्रीट झाल्यावर मी मुद्दाम तिथं जाऊन बसलो. बुडबुडा तेव्हा वाटाण्याएवढा उरला होता. मधोमध राहिला, जागचा हलला नाही.

राजूची स्वतःची थिअरी आहे. "दाजी, खाली पोकळीत हवा कोंडलेली. तुमच्या डोळ्यात बी हवा कोंडलेली. हवेला हवेची खबर लागली." मी त्याला हसलो. पण माझ्याकडं त्याच्याहून बरं काही नाही. डॉक्टरांना शेवटच्या तपासणीला सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, डोळ्यात लाईट मारून बघितलं. "पडदा छान बसलाय काका," ते म्हणाले. "बाकीचं माझ्या सिलॅबसमध्ये नाही." तोपर्यंत गॅस पूर्ण विरला होता. आता त्या डोळ्यानं दाराची चौकट थोडी लाटेसारखी दिसते, ती म्हणे सावकाश सरळ होईल. बाकी सगळं स्वच्छ दिसतं.

कुणाला काही सुचलं तर जरूर लिहा. खवचट लिहिलंत तरी चालेल.

पूनमला पोचवायला आम्ही लासूरला गेलो. जीपमधनं उतरून ती बाळ घेऊन दारापर्यंत गेली आणि उंबऱ्याशी थांबली. आत सगळे वाट बघत होते, ओवाळायचं ताट तयार होतं. ती मागं वळली. "पप्पा, बघा ना जरा," म्हणली.

मी तिला सांगणार होतो, की बाई, आता डोळ्यात काही उरलं नाही. पण विहीणबाईंनीच पुढं होऊन बैठकीतल्या खुर्च्या बाजूला सारल्या, जागा मोकळी केली. मी आत गेलो, गुडघे टेकले, मान खाली घातली. फरशी दिसली. नुसती फरशी, थोडी लाटेसारखी. आणखी काहीच नाही. मी तसाच थांबलो, जेवढा वेळ पूर्वी थांबायचो तेवढा.

मग म्हणलं, "ये. आत ये."

ती आली. बाळाला आतल्या पलंगावर ठेवेपर्यंत मी तिच्या पायांकडंच बघत होतो.